घर बांधण्याचा खर्च आणि घरात नांदण्याचा खर्च

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. गृहकर्जाच्या टेबलावर काम करताना या म्हणीची सत्यता आम्हा बँक अधिकाऱ्यांना जवळजवळ रोज पटत असते. ग्राहक येतो, नकाशा दाखवतो, अंदाजपत्रक पुढे करतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "किती कर्ज मिळेल?" दुसरा प्रश्न असतो, "हप्ता किती बसेल?" हे दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. परंतु तिसरा एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो म्हणजे, या घरात राहण्यासाठी दरमहा किती खर्च येईल?

कर्जाचा हप्ता वीस वर्षांनी संपतो. घराचे आयुष्य मात्र पन्नास-साठ वर्षांचे असते. या सर्व काळात उन्हाळ्यातील पंखे व कूलर, पाण्याचे टँकर, छताची गळती आणि भिंतींची डागडुजी यांवर होणारा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. गावाबाहेर, मोकळ्या रानात घर बांधणाऱ्यास तर तो विशेष जाणवतो. तेथे शेजारच्या इमारतीची सावली नसते आणि बहुधा नळाचे पाणी किंवा सांडपाण्याची नळीही नसते. घराला आपल्या बहुतेक गरजा स्वतःच भागवाव्या लागतात. निसर्गावर व खिशावर कमीत कमी भार टाकून दीर्घकाळ टिकणाऱ्या अशा घरास 'शाश्वत घर' म्हणतात. या घराचा पाया रानात नव्हे, तर कागदावर, आराखड्याच्या वेळीच घातला जातो, हे या लेखातून सांगावयाचे आहे.

एका कुटुंबाचा अनुभव

हा विषय माझ्यासाठी केवळ कार्यालयीन नाही. आमचे गाव लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपाने या भागातील हजारो माणसांचा बळी घेतला, तेव्हा मी चार वर्षांची होते. आमच्या जुन्या माळवदाच्या घराची एक भिंत कोसळली. सुदैवाने आम्ही सर्व जण बचावलो. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, त्यानंतर गावातील इतरांप्रमाणेच सिमेंटच्या दोन खोल्या बांधल्या आणि वर स्लॅब टाकला. घर भक्कम झाले, पण उन्हाळ्यात त्याची भट्टी होऊ लागली. एप्रिल-मे महिन्यांत आई-अण्णांची बाज रात्री अंगणातच असे. अण्णा कारण उकाड्याचे सांगत. छताखाली झोपताना त्यांना अजूनही धाकधूक वाटते, हे आईने मला पुष्कळ उशिरा सांगितले.

प्राथमिक शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर अण्णांनी शेतातील माळावर नवे घर बांधण्याचे ठरविले. निवृत्तीची बहुतेक पुंजी त्यात जाणार होती. उरलेल्या रकमेसाठी कर्ज काढावयाचे होते. त्यांची अट एकच होती, घर पडता कामा नये. माझी अट होती, घर तापता कामा नये. या दोन अटी एकमेकींच्या विरुद्ध आहेत असे आम्हा दोघांनाही वाटत होते. तसे नाही, हे आराखडा करताना उमगत गेले.

प्रदेश तसे घर

आपल्या देशाच्या राष्ट्रीय इमारत संहितेने हवामानाचे पाच विभाग मानले आहेत : उष्ण व कोरडा, उष्ण व दमट, संमिश्र, समशीतोष्ण आणि थंड. प्रत्येक विभागात लोकांनी अनुभवातून आपापली गृहरचना घडविली. कोकणात मुसळधार पावसासाठी जांभ्याच्या भिंती आणि उतरती कौले आली. मराठवाडा व सोलापूर भागात जाड भिंतींची, मातीच्या सपाट छताची माळवदे उभी राहिली. आसामात १८९७ च्या महाभूकंपानंतर लाकडी सांगाड्याच्या व हलक्या भिंतींच्या घरांचा प्रसार झाला. कच्छमधील 'भुंगा' हे गोल भिंतीचे घर २६ जानेवारी २००१ च्या भूकंपातही बव्हंशी टिकून राहिले.

नोकरीतील बदलीमुळे काही काळ तिरुअनंतपुरम येथे राहण्याचा योग आला. तेथे वास्तुतज्ज्ञ लॉरी बेकर यांचे काम जवळून पाहता आले. १९१७ मध्ये बर्मिंगहॅम येथे जन्मलेले बेकर १९४५ मध्ये भारतात आले आणि पुढे भारतीय नागरिक झाले. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली व १ एप्रिल २००७ रोजी त्यांचे निधन झाले. मायदेशी परतण्यासाठी मुंबईत जहाजाची वाट पाहत असताना त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली होती. आदर्श गावातील घर हे पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या साहित्यातून बांधलेले असावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर जपला. सेवाग्रामची बापू कुटी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या विचाराचा अर्थ वेगळा सांगावयास नको. पाच मैल म्हणजे सुमारे आठ किलोमीटर. एवढ्या परिसरात काय मिळते याची यादी करणे हे आम्ही घरासाठी केलेले पहिले काम होते. त्या यादीत मुरूम, काळा दगड, वीटभट्टीच्या विटा, कडुनिंबाचे व बाभळीचे लाकूड आणि गावातील गवंडी एवढ्या गोष्टी होत्या.

जागेची निवड

काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पायाने बांधलेल्या घराच्या भिंतींना तडे जातात. पाया घट्ट मुरमापर्यंत न्यावयाचा तर खर्च वाढतो. म्हणून काळी जमीन पिकासाठी आणि मुरमाड माळ घरासाठी, ही जुन्या शेतकऱ्यांची वाटणी आजही शहाणपणाची आहे. जागा किंचित उंचावर असावी, पावसाचे पाणी वाहून येण्याच्या वाटेत नसावी, आणि तेथवर वर्षभर गाडी जाईल असा कायदेशीर रस्ता असावा.

शेतजमिनीवरील बांधकामाचे नियम राज्यागणिक भिन्न आहेत व ते वेळोवेळी बदलतात. त्यामुळे अकृषिक वापर, बांधकाम परवानगी व गावठाणाची हद्द यांविषयी तलाठी कार्यालय आणि ग्रामपंचायत येथे आधी चौकशी करावी. पाया खणून झाल्यावर परवानगीचा शोध घेणारे ग्राहक आम्हास नेहमी भेटतात आणि त्यांचे हाल पाहवत नाहीत.

दिशा, ऊन आणि वारा

आराखड्यातील हा भाग सर्वात स्वस्त आहे, कारण त्याला एक पैसाही अधिक लागत नाही. घर पूर्व-पश्चिम लांब ठेवले, तर त्याच्या लांब भिंती उत्तर व दक्षिण दिशांना येतात आणि आखूड भिंती पूर्व व पश्चिमेस. आमच्या भागात मे महिन्याच्या मध्यास सूर्य दुपारी थेट डोक्यावर असतो. त्या वेळी दक्षिणेची भिंत साध्या ओसरीच्या सावलीत राहते. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य दक्षिणेस कललेला, क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो आणि त्याचे कोवळे ऊन ओसरीखालून आत येते. एकच ओसरी उन्हाळ्यात सावली देते व हिवाळ्यात ऊब.

खरा शत्रू पश्चिमेचे ऊन. तिसऱ्या प्रहरी सूर्य खाली उतरतो, किरणे आडवी येतात आणि कोणतेही छज्जे त्यांना अडवू शकत नाहीत. म्हणून पश्चिमेस झोपण्याची खोली ठेवू नये. न्हाणीघर, कोठीघर व जिना पश्चिमेस ठेवल्यास त्या खोल्याच उरलेल्या घरासाठी आडोसा होतात. त्यापलीकडे कडुनिंबाची दोन-तीन झाडे लावावीत. ती घर बांधण्याच्या आधीच लावली तर उत्तम. समोरासमोर खिडक्या ठेवल्यास वारा खेळता राहतो, आणि छताजवळच्या झरोक्यांतून गरम हवा वर निघून जाते.

ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' प्रसिद्ध केली. भिंती, खिडक्या व छप्पर यांतून किती उष्णता आत यावी याच्या मर्यादा तीत घालून दिल्या आहेत. ती मुख्यतः मोठ्या गृहप्रकल्पांसाठी असली, तरी आपल्या अभियंत्यास ती पाहावयास सांगण्यास हरकत नाही.

भिंत व छप्पर : भूकंपाचा धडा

१९९३ मध्ये माळवदे का कोसळली? दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती पाहून ती भक्कम वाटत. परंतु दगड मातीत बसविलेले होते. भिंतीची आतली व बाहेरची तोंडे एकमेकांशी बांधलेली नव्हती, आणि छतावर वर्षानुवर्षे चढविलेल्या मातीचा प्रचंड भार होता. हादरा बसताच भिंतीची तोंडे सुटली आणि वरची माती झोपलेल्या माणसांवर आली. ज्या घरांत लाकडी खांब व तुळया यांचे खण नीट जोडलेले होते, तेथे भिंती पडूनही अनेक ठिकाणी सांगाडा उभा राहिला. दोष दगडाचा किंवा मातीचा नव्हता; सांधणीचा आणि भाराचा होता.

हा भाग तेव्हा भूकंपाच्या नकाशावर सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या सुधारणेत किल्लारी परिसराचा समावेश तिसऱ्या पट्ट्यात झाला. 'जुने ते सोने' म्हणून माळवदाची जशीच्या तशी नक्कल करणे, किंवा भीतीपोटी केवळ सिमेंटचा खोका उभारणे, ही दोन्ही टोके टाळावयाची असतात. भारतीय मानक ४३२६ मध्ये भूकंपरोधक बांधकामाचे नियम दिले आहेत. त्यांतील मुख्य गोष्टी अशा :

१. जोते, खिडक्या-दारांचे लिंटेल आणि छप्पर या तीन पातळ्यांवर सर्व भिंतींवरून अखंड फिरणारा लोखंडी सळ्यांचा काँक्रीट पट्टा असावा. पेटीला दोरीने बांधावे तसा तो घराला बांधून ठेवतो.

२. कोपऱ्यांत व भिंतींच्या जोडांत पायापासून छतापर्यंत उभ्या सळ्या असाव्यात.

३. दारे-खिडक्या कोपऱ्यापासून दूर असाव्यात.

४. भिंत दगडी असल्यास एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत पोहोचणारे लांब दगड ठरावीक अंतरावर घालावेत.

५. घराचा आकार साधा व प्रमाणबद्ध असावा आणि छतावर विनाकारण भार नसावा.

भिंतीसाठी आम्ही बेकर यांनी लोकप्रिय केलेली 'रॅट-ट्रॅप बाँड' ही पद्धत निवडली. तीत विटा नेहमीप्रमाणे आडव्या न ठेवता काठावर उभ्या रचतात, त्यामुळे भिंतीच्या मध्ये पोकळी राहते. सुमारे एक चतुर्थांश विटा वाचतात, पोकळीतील हवा उष्णता अडवते आणि उभ्या सळ्यांसाठी त्याच पोकळीत जागा मिळते. गावच्या गवंड्यांनी प्रथम मान हलविली. नमुन्यादाखल एक छोटी भिंत रचून पाहिल्यावर मात्र त्यांचा हात बसला. जेथे योग्य माती मिळते, तेथे थोडे सिमेंट मिसळून यंत्राने दाबलेल्या न भाजलेल्या मातीच्या विटाही उत्तम असतात. ऑरोविल येथील अर्थ इन्स्टिट्यूटने या विषयात दीर्घकाळ काम केले आहे. काळी माती मात्र त्यास चालत नाही, म्हणून मातीची चाचणी आवश्यक असते.

छताबाबत अण्णांचा आग्रह स्लॅबचाच होता आणि तो आम्ही मान्य केला. मात्र स्लॅबच्या खालच्या भागातील काही काँक्रीट केवळ जागा भरते, ताण सळ्याच घेतात. तेथे मंगलोरी कौले घालून काँक्रीट वाचविण्याच्या पद्धतीस 'फिलर स्लॅब' म्हणतात. कौलांमधील हवेमुळे उष्णताही कमी उतरते. वरून उष्णतारोधक थर व पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी केली. उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते घरात ओततो; पांढरे छत बरेचसे ऊन परतवून लावते. ही सर्व कामे भूकंपरोधक बांधकामाचे ज्ञान असलेल्या अभियंत्याच्या आराखड्यानुसारच करावीत. या एका शुल्कात काटकसर करू नये.

पाण्याचा ताळेबंद

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे वाचकांस स्मरत असेल. अशा प्रदेशात घराचे छप्पर हेच पहिले पाणलोट क्षेत्र होय. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. १०० चौरस मीटर छत आणि वर्षाचा ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर ७०,००० लिटर होतात. त्यांतील पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले तरी ५६,००० लिटर उरतात.

जलजीवन मिशनने ग्रामीण भागात दरडोई रोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण ठरविले आहे. त्या मानाने पाच माणसांस रोज २७५ लिटर लागतील आणि वरील पाणी सुमारे दोनशे दिवस पुरेल. परंतु एवढी मोठी टाकी बांधणे महाग पडते. केवळ पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी माणशी १० लिटर धरल्यास रोजचे ५० लिटर, आणि पावसाळ्यानंतरच्या आठ महिन्यांचे १२,००० लिटर होतात. एवढी टाकी सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात असते. शिवाय पाऊस निम्माच झाला तरी २८,००० लिटर मिळतात आणि टाकी भरतेच. अवर्षणाच्या वर्षी जे पुरेल तेच खरे नियोजन.

पहिल्या पावसाचे पाणी वाहून जाऊ द्यावे, गाळणी बसवावी, टाकी बंद व अंधारी ठेवावी आणि पिण्याचे पाणी उकळून किंवा निर्जंतुक करून घ्यावे. टाकीवरून वाहणारे पाणी शोषखड्ड्यातून विहिरीकडे वळवावे.

वीज, इंधन व सांडपाणी

सौर संच घेण्यापूर्वी विजेची गरज कमी करावी. जुना पंखा सुमारे ७५ वॉट वीज घेतो, तर नव्या बीएलडीसी पंख्यास ३५ वॉटच्या आतबाहेर पुरतात. पाच पंखे रोज बारा तास चालले, तर महिन्याला सुमारे ७२ युनिट वाचतात. गरज अशी उतरली की संचही लहान लागतो. एक किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी चार युनिट वीज देतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्य घर : मुफ्त बिजली योजने'त दोन किलोवॉटपर्यंत प्रति किलोवॉट ३०,००० रुपये आणि तीन किलोवॉट वा अधिक क्षमतेस एकूण ७८,००० रुपये अनुदान जाहीर झाले. अर्ज करतेवेळी लागू असलेल्या अटी मात्र पाहून घ्याव्यात.

गोठ्यात चार-पाच जनावरे असल्यास दोन घनमीटरचे गोबर गॅस सयंत्र लहान कुटुंबाचा स्वयंपाक भागवू शकते. शौचालयासाठी दोन शोषखड्ड्यांची पद्धत रानात सर्वात सोयीची असते. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करावयाचा, आणि पहिल्यातील मैल्याचे वर्षा-दोन वर्षांत खत होते. हे खड्डे विहीर व टाकीपासून पुरेसे दूर आणि उताराच्या बाजूस असावेत. न्हाणीचे व मोरीचे पाणी केळी, अळू यांच्या वाफ्यास द्यावे.

हिशेब बँकेच्या टेबलावर

या सर्वांसाठी पैसा कोठून आणावयाचा? आमच्या अंदाजपत्रकात टाकी, छताचा उष्णतारोधक थर आणि सौर संच यांमुळे सुमारे अडीच लाख रुपये वाढले. तेव्हा आईनेच विचारले, "पाहुण्यांची वेगळी खोली हवीच कशाला? पाहुणे ओसरीत झोपतील." बारा बाय बारा फुटांची ती खोली वगळली. चौरस फुटास १,८०० रुपये दराने १४४ चौरस फुटांचे २,५९,२०० रुपये वाचले आणि वाढलेला खर्च भरून निघाला.

आता याच रकमेकडे कर्जाच्या दृष्टीने पाहू. उदाहरणादाखल साडेआठ टक्के व्याजदर व वीस वर्षांची मुदत धरल्यास एक लाखाचा मासिक हप्ता सुमारे ८६८ रुपये येतो. अडीच लाखांचा होतो २,१७० रुपये, आणि वीस वर्षांत एकूण फेड ५,२०,८०० रुपयांची. म्हणजे विनाकारण बांधलेली खोली दुप्पट किमतीस पडते. तीच रक्कम पाणी, वीज व थंडावा देणाऱ्या गोष्टींत घातली, तर हप्त्याचा काही भाग बिलांच्या बचतीतून परत येऊ लागतो. आपल्या गावातील टँकरचा दर आणि विजेचे बिल घालून प्रत्येकाने हा हिशेब स्वतः करून पाहावा.

कर्जदारांस एक विनंती अशी की, टाकी, छताचे थर, भूकंपरोधक पट्टे व सौर संच यांचा समावेश मूळ अंदाजपत्रकातच करावा. कर्जाची रक्कम जोते, लिंटेल, स्लॅब, गिलावा अशा टप्प्यांनी वितरित होते. मध्येच वाढलेल्या खर्चासाठी पुन्हा मंजुरी घेण्यात वेळ जातो, आणि पैसे कमी पडू लागले की लोक नेमके डोळ्यांस न दिसणारे काम गाळतात. लिंटेलचा पट्टा गिलाव्याखाली झाकला जातो. तो नसल्याचे भूकंपाच्या दिवशीच कळते. सातबारा, परवानगी व जमिनीचा शोध अहवाल यांची पूर्तताही आराखड्याबरोबरच व्हावी.

समारोप

ग्राहकमित्रहो, घराची शाश्वतता ही महागड्या यंत्रांची बाब नाही. दिशा, आकार, ओसरी व झाडे यांस पैसे लागत नाहीत किंवा अगदी थोडे लागतात. विचार मात्र आधी करावा लागतो. कागदावरची रेघ खोडरबराने पुसता येते, भिंत झाल्यावर ती पाडावी लागते. म्हणून अंदाजपत्रक घेऊन बँकेत येण्यापूर्वी एक संध्याकाळ आपल्या जागेवर काढावी. ऊन कोठून येते, वारा कोणत्या बाजूचा आहे आणि पाणी कोठे वाहते, हे पाहून मग नकाशास हात घालावा.

आमच्या घरास आता दोन उन्हाळे झाले. दुसऱ्या उन्हाळ्यात मी गावी गेले, तेव्हा बाज अंगणात दिसली नाही म्हणून आईस विचारले. "तुझे अण्णा आता आतच झोपतात," ती म्हणाली. अण्णांनी यावर काही भाष्य केले नाही. भिंतीतील पट्टा कोठून कोठे गेला आहे, हे मात्र ते आल्या-गेल्यास हाताने दाखवितात.